आवाजाची जमाबंदी

समता ही पाहण्यातली गोष्ट की करण्यातली, हा आपल्या धर्मचिंतनातील फार जुना आणि, माझ्या मते, अद्याप निकाली न निघालेला वाद आहे. गीतेच्या पाचव्या अध्यायात विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक या सर्वांकडे सारख्याच दृष्टीने पाहणाऱ्यास ज्ञानी म्हटले आहे. त्या श्लोकाचा अर्थ लावणाऱ्यांपैकी कोणीही हत्तीला आणि कुत्र्याला एकाच मापाने चारा घालावा असे सुचविलेले नाही, हे उघडच आहे. दृष्टी सम असावी, वर्तन ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे असावे, असा या अडचणीवरचा परंपरागत तोडगा आहे. तो जितका शहाणपणाचा तितकाच सोयीचा आहे, आणि ती सोय आजवर कोणाच्या पदरी पडत आली याचा विचार पुढे करावा लागेल. हा सारा प्रश्न नव्याने हाती घेण्यास मला जे निमित्त झाले ते कोणत्याही भाष्यग्रंथाने पुरविलेले नाही. होटगीतील आमच्या भजनी मंडळाच्या पेन ड्राइव्हवर वर्षानुवर्षे साचलेल्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणून द्यावा, असे मंडळाने ठरविले, आणि संगणकाचे थोडेफार ज्ञान असल्यामुळे ते काम माझ्याकडे आले, एवढीच त्याची हकीकत.

होटगीने सपाटीकरणाची एक मोठी घटना यापूर्वी पाहिलेली आहे. 1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळानंतर, कर्नाटकाच्या अंतर्भागात धान्य वेळेवर पोहोचावे या हेतूने येथून विजापूर व बागलकोटमार्गे गदगपर्यंत रेल्वेचा जो फाटा काढण्यात आला, तो काटकसरीखातर मीटरगेजचा काढला गेला. मुंबईहून सोलापूर ओलांडून रायचूरकडे जाणारी मूळ वाट ब्रॉडगेजची असल्यामुळे, शतकाहून अधिक काळ होटगीच्या फलाटावर उतारू एका गाडीतून उतरून दुसरीत चढत राहिले आणि पोती एका वाघिणीतून दुसरीत जात राहिली. 1992 साली रेल्वे खात्याने शक्य तितके रूळ एकाच मापावर आणण्याचे धोरण मुक्रर केले आणि यथावकाश हाही फाटा रुंद झाला. त्या रुंदीकरणाने कोणाचे काही गेलेच असेल तर हमालांची मजुरी गेली असेल. रुळांच्या त्या कमीअधिक रुंदीत जपून ठेवण्यासारखा अर्थ कोणालाच कधी दिसला नव्हता. तो भेद खजिन्याच्या तंगीतून जन्मलेला होता, आणि तंगी सरताच तो नाहीसा करणे हेच शहाणपणाचे होते. जगातील सारे भेद याच जातीचे असते तर समतेच्या प्रश्नावर एक पानही लिहिण्याची गरज पडली नसती.

आमच्या संग्रहाची गोष्ट मात्र तितकी सरळ नव्हती. होटगी हे सरहद्दीवरचे गाव. बृहन्मठामुळे वीरशैव परंपरेत त्याचे नाव दूरवर पोहोचलेले, आणि पंढरपूर व अक्कलकोट ही दोन्ही क्षेत्रे याच सोलापूर जिल्ह्यात. त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये सिद्धरामेश्वरांची कन्नड वचने, मराठी अभंग, स्वामी समर्थांच्या आरत्या, भीमसेन जोशींची संतवाणी आणि कोणी हौसेने आणून दिलेली अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रणे शेजारी शेजारी नांदत होती. ती एकामागून एक लावली की मंदिराच्या कर्ण्यातून निघणारा आवाज कधी कानठळ्या बसवी, तर कधी समोर बसलेल्यालाही ऐकू येत नसे, आणि मंडळातील एकजण आवाजाच्या बटणाशी कायमचा नेमून ठेवावा लागे. या चढउतारांची कारणे शोधू गेल्यास ती एका जातीची निघत नाहीत. 1925 च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायकाला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे, आणि अवघ्या तीनसाडेतीन मिनिटांच्या तबकडीत बसविण्यासाठी ख्यालाला आपले अंग आखडून घ्यावे लागे. त्या मुद्रणांचा आवाज यंत्राच्या कुवतीने ठरलेला आहे. कॅसेटवरून कॅसेट उतरविताना प्रत्येक पिढीत खरखर वाढली आणि मूळ स्वर मागे पडला. उलट, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून, आपले गाणे शेजारच्यापेक्षा मोठे वाजावे या ईर्षेने ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी आवाज जणू छपराला भिडविण्याची चाल पाडली. ही सारी कारणे होटगीच्या मीटरगेजसारखी बाहेरून लादलेली होत. परंतु विलंबित ख्यालाचा आरंभ ज्या मंद्र, दबक्या स्वराने होतो, अथवा वचन गाणारा एका ओळीनंतर जी दीर्घ शांतता सोडतो, तो भेद यंत्राने केलेला नाही. तो गाणाऱ्याच्या मनातून आलेला आहे, आणि त्यालाच कात्री लावली तर गाणे उरते, गायकी उरत नाही.

ज्या साधनाने मी हे काम आरंभिले त्याचा तपशील येथे थोडा द्यावा लागेल. शेल स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेला हुकूमनामा. फोल्डरमध्ये जितक्या फाइली असतील तितक्या एकेक करून उघड, प्रत्येकीचा आवाज मोज, तो आकडा टिपून ठेव, ठरविलेल्या पातळीपासून ती किती वर वा खाली आहे हे काढ, आणि पुढच्या फाइलीकडे जा, असे त्या हुकुमाचे स्वरूप असते. दहाबारा ओळींत तो बसतो, आणि एकदा चालू केला की हजार गाण्यांपुढेही तो थकत नाही, कंटाळत नाही, ओळखीच्या गायकाला झुकते माप देत नाही. काळ्या पडद्यावर गाण्यांची नावे आणि त्यांच्यासमोर ऋण आकडे सरकू लागतात, कारण या गणनेत शून्य ही कमाल मर्यादा असते आणि सर्वांना तिच्या खालीच नांदावे लागते. अलीकडची एखादी गाजलेली ध्वनिफीत ऋण नऊवर वाजत असते, तर कोणाच्या घरच्या जुन्या कॅसेटवरून उतरविलेला अभंग ऋण सव्वीसवर कुजबुजत असतो. दहा डेसिबलांचा फरक कानाला साधारण दुप्पट वाटतो, हे ध्यानी घेतले म्हणजे या दोहोंमधील दरी किती मोठी आहे ते कळते.

परंतु मोजायचे नेमके काय? आवाजाचे सर्वोच्च टोक मोजावे ही पहिली आणि सर्वांत भाबडी पद्धत. तीत अभंग अर्धा तास कितीही हळुवार चालला असला तरी अखेरच्या गजरात टाळांचा एक खणखणाट झाला की तोच त्या साऱ्या अभंगाची पत ठरवितो, आणि उरलेला अर्धा तास त्या एका क्षणाच्या अपराधापोटी खाली दाबून ठेवला जातो. दुसरी पद्धत सरासरीची. पण सरासरी काढताना मधल्या शांततेचीही गणना झाली तर जितके मौन अधिक तितके गाणे मवाळ ठरते, आणि त्याची भरपाई म्हणून त्याचे स्वर अकारण फुगविले जातात. 2006 साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने आणि 2010 साली युरोपीय प्रसारण संघाने जे मापन प्रमाण मानले त्याच्या पुढील सुधारणांत यावर तोड काढलेली आहे. गाण्याचे चारशे मिलिसेकंदांचे, एकमेकांवर बरेचसे चढलेले तुकडे पाडायचे. जे तुकडे जवळजवळ निःशब्द आहेत ते प्रथम बाद करायचे. उरलेल्यांची सरासरी काढून तिच्याहून दहा डेसिबलांहून अधिक खाली असलेलेही वगळायचे. आणि मग जे राहील त्यावरून आवाज ठरवायचा. थोडक्यात, मौन हे मौनच राहू द्यावे, त्याचा कोणावर भार टाकू नये आणि त्यावर कोणास सूटही देऊ नये. ज्यांनी हा नियम बसविला त्यांच्या मनात अध्यात्माचा लवलेशही नसेल, पण जे अमर्याद आहे त्याला हिशेबात ओढू नये, एवढे तारतम्य पुष्कळ धर्मशास्त्र्यांनाही साधलेले नाही.

माप ठरले तरी एकक ठरावयाचे राहतेच, आणि खरा धार्मिक पेच येथे आहे. प्रत्येक गाणे सुटे घेऊन सर्वांना एकाच पातळीवर आणावे, की एका गायकाच्या एका बैठकीची सारी गाणी मिळून एक घटक मानावा आणि त्या घटकाला समग्रपणे उचलावे वा उतरवावे? पहिल्या पद्धतीत संतवाणीतील करुण अभंग आणि अखेरचा जल्लोष दोन्ही एकाच उंचीचे होतात. दुसरीत बैठकीच्या अंतर्गत चढउताराला धक्का लागत नाही, फक्त ती समग्र बैठक शेजारच्या बैठकीच्या बरोबरीला येते. हाच पेच या भागातील जमिनीच्या बाबतीत एकदा उभा राहिला होता. इंग्रजी अंमल नवा असताना प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने 1830 च्या सुमारास पुणे जिल्ह्यात निव्वळ उत्पन्नाच्या सूक्ष्म गणितावर सारा बसविला, तो रयतेला झेपला नाही आणि शेते ओस पडली. मग आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात 1836 च्या आसपास गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी जमाबंदी आरंभिली. तीत प्रत्येक शेताची माती, तिची खोली व तिचे दोष पाहून त्याची प्रत सोळा आण्यांपासून उतरत्या क्रमाने लावीत; आणि तालुक्याचा दर मात्र पाऊस, बाजारपेठ व मागील वसुली यांवरून निराळा ठरवीत. दर तीस वर्षांनी दर चढे अथवा उतरे, पण काळ्या कसदार शेताचे आणि खडकाळ माळाचे आपसातले प्रमाण जेथल्या तेथे राही. सोलापूरकर शेतकऱ्याच्या तोंडी आणेवारी हा शब्द आजही आहे, तो या आण्यांच्या हिशेबाचाच दूरचा नातेवाईक.

सर्वांना एक आकडा लावणे आणि सर्वांना एक न्याय लावणे यांतील अंतर ज्याला पाहायचे असेल त्याने प्रिंगल आणि विंगेट यांची दप्तरे शेजारी ठेवावीत. मी स्क्रिप्टमध्ये बैठकीला घटक मानण्याची आज्ञा लिहिली, ती या विचाराने. तरीही एक शंका उरली, आणि ती जमाबंदीच्या बाबतीतही उरलेली होती: शेताची प्रत एकदा लावली की ती कायमची, मग ज्याच्या वाट्याला दोन आण्यांचा माळ आला त्याने पिढ्यान् पिढ्या दोन आण्यांचेच राहावे काय? प्रमाण जपण्याच्या नावाखाली अन्यायही जपला जातो. जातिव्यवस्थेच्या समर्थकांनी अगदी याच युक्तिवादाने समाजाच्या मैफलीत कोणाला कायमचे मंद्र सप्तकात बसविले होते.

बरोबरी साधताना कोणी कोणाकडे यायचे, हा प्रश्न या यंत्रविद्येने फार स्पष्टपणे सोडविला आहे. हळू गाणे वर उचलू गेल्यास त्याचे एखादे टोक शून्याच्या मर्यादेवर आपटते आणि स्वर फाटतो. त्याच्यासोबत कॅसेटची खरखरही तितकीच वर येते. मोठे गाणे खाली आणल्यास त्यातले काहीही गमावले जात नाही. म्हणून प्रमाणपातळी जाणूनबुजून बरीच खाली, ऋण अठराच्या आसपास, ठेवतात, जेणेकरून बहुतेक समता मोठ्यांच्या उतरण्याने साधली जाते. ज्या गाण्याने छपराला डोके लावून ठेवले होते त्याला उतरविल्यावर असे आढळते की ते आतून बऱ्यापैकी सपाट होते, त्याची सारी ऐट मोठेपणाचीच होती. प्रबळांनी उतरल्याने त्यांचे सत्त्व जात नाही, दुर्बळांना नुसते ओढून वर नेल्याने मात्र त्यांचे स्वरूप बिघडू शकते, हे तत्त्व मला पुष्कळ सामाजिक प्रवचनांहून खरे वाटते. परंतु प्रबळांना उतरण्यासाठी कोणीतरी हुकूम सोडावा लागतो, हेही त्यासोबत लक्षात ठेवले पाहिजे.

आता मूळ वादाकडे येऊ. 2001 साली डेव्हिड रॉबिन्सन यांनी रिप्लेगेन नावाची जी योजना मांडली तिच्यात गाण्याला हात लावीतच नाहीत. मोजलेला आकडा फाइलीच्या कपाळावर एक शेरा म्हणून लिहून ठेवतात, आणि वाजविणाऱ्या यंत्राने तो शेरा वाचून वाजविण्याच्या क्षणी आवाज कमीजास्त करायचा असतो. गाणे मूळ स्वरूपात अविकृत राहते. समता ही त्याच्यावरची उपाधी असते, ऐकणाऱ्याच्या बाजूची. गीतेतील समदर्शनाचे याहून चोख रूपक मला सुचविता येणार नाही. हत्ती हत्ती राहतो, कुत्रा कुत्रा राहतो, पाहणाऱ्याच्या दृष्टीतच साम्य असते. वेदान्त्याला आवडावी अशीच ही व्यवस्था, आणि मीही प्रथम तीच पत्करली. पण मंदिरातल्या अँप्लिफायरला पेन ड्राइव्ह लावला तेव्हा सारा गोंधळ पूर्ववत् चालू राहिला, कारण त्या बिचाऱ्या यंत्राला शेरे वाचण्याची विद्याच नव्हती. प्रत्येक फाइलीच्या कपाळी समता कोरलेली होती आणि कर्ण्यातून विषमता बाहेर पडत होती.

हे दृश्य आमच्या जिल्ह्याने यापूर्वी पाहिलेले आहे. चंद्रभागेच्या वाळवंटात उराउरी भेटणाऱ्या वारकऱ्यांनी शतकानुशतके समतेचे अभंग गाइले. त्याच अभंगांचा एक कर्ता चोखामेळा, जो मंगळवेढ्याच्या कुसवाखाली गाडला गेला, त्याची समाधी विठ्ठलाच्या महाद्वाराबाहेर राहिली आणि त्याच्या जातीबांधवांना ते दार बंद राहिले. समदृष्टीचा शेरा प्रत्येक गाथेवर होता. तो वाचून कृती करणारे यंत्र तेवढे नव्हते. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. दृष्टी सम, वर्तन योग्यतेप्रमाणे, हा जो परंपरागत तोडगा त्यात योग्यता ठरविण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांचीच सोय होत राहिली. बसवेश्वरांच्या कल्याणातील शरणांनी आणि सोलापुरात सर्वांच्या पाण्यासाठी तलाव खोदणाऱ्या सिद्धरामेश्वरांनी मात्र समतेला दृष्टीत कोंडून ठेवले नाही. तेव्हा मीही शेऱ्यांवर विसंबणे सोडून, मूळ फाइलीच्या आवाजाचा निर्देशांकच दीड दीड डेसिबलच्या पायरीने बदलणारी दुसरी आज्ञा लिहिली. तिची खुबी अशी की केलेला बदल पुन्हा जसाच्या तसा मागे घेता येतो, कारण स्वरांची मूळ माहिती ती खोडीत नाही. कृतीतली समता आणि स्वरूपाची अविकृतता यांचा मेळ इतपत तरी घालता येतो, याचे मला समाधान वाटले.

एवढ्यावर काम संपले असते, पण मंडळातील एका वृद्ध भगिनींच्या ओव्यांनी नवा खटला उभा केला. त्यांच्या नातवाने मोबाइलवर टिपलेला तो आवाज फारच क्षीण होता, आणि स्क्रिप्टच्या लेखी तो उचलण्यास सर्वथा पात्र होता. फोन दूर ठेवल्यामुळे तो क्षीण झाला असेल असे गृहीत धरून मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आवं सर, जात्यावरचं म्हननं मोठ्यानं म्हनायचं नसतंच. पोरं निजलेली असत्यात की." हा खुलासा कोणत्याही मापात सापडणारा नव्हता. आकडा सांगतो तो फक्त परिणाम. तो परिणाम यंत्राचा की मनाचा, लादलेला की निवडलेला, हे विचारल्यावाचून कळत नाही, आणि विचारण्यासाठी गाणारा हयात असावा लागतो. मंडळाच्या बैठकीत यावर बराच खल झाला. आमच्यातील एक अण्णा म्हणाले की देवाला मोठे नि हळू सारखेच ऐकू येते, तेव्हा या खटाटोपाला अर्थ काय? त्यावर दुसऱ्याने उत्तर दिले, "देवाला येतंय हो, मागं बसलेल्या लोकांना येत न्हाई." निवासी वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही 2000 सालच्या नियमावलीतील मर्यादाही कोणीतरी आठवून दिली, ती मर्यादा भजन, कव्वाली आणि लग्नाची वरात यांत भेद करीत नाही, आणि माझ्या मते करूही नये, कारण शेजाऱ्याच्या झोपेला धर्म नसतो.

शेवटी असे ठरले की स्क्रिप्टने प्रथम वगळावयाच्या गाण्यांची एक यादी वाचावी आणि त्या यादीतील फाइलींना हात लावू नये. यादीत नाव घालण्याचा हक्क कोणासही असावा, मात्र मंडळाच्या वहीत त्याने कारण स्वहस्ते लिहून सही केली पाहिजे; समतेतून सूट मागणाऱ्यानेच सुटीचे समर्थन करावे, समतेला समर्थनाची गरज नसावी, हा माझा आग्रह बैठकीने मान्य केला. जात्यावरच्या ओव्या त्या यादीत बिनतक्रार दाखल झाल्या. दुसरी नोंद खुद्द अध्यक्षांनी केली आहे, स्वतः गाइलेल्या आरतीची, जी संग्रहात सर्वांत मोठ्याने वाजते. कारणाच्या रकान्यात त्यांनी "आवाजच तसा आहे" एवढेच लिहिले आहे, आणि हे कारण ग्राह्य धरावे किंवा कसे, याचा निर्णय पुढच्या सोमवारच्या बैठकीकडे सोपविण्यात आला आहे.